पान कोणाचे? शोधयंत्राची उत्तरे आणि वाचकाची सोय



इतिहासावर व्याख्यान आहे असे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर गड, बखरी आणि तहनामे उभे राहतात. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती जेमतेम पस्तीस वर्षांची आहे आणि इथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात ती ह्या क्षणी आहे. ती वस्तू म्हणजे ब्राउझर. त्यातही आमचा प्रश्न अगदी लहान आहे. शोधयंत्राला आपण काही विचारतो, ते उत्तरांची एक यादी पुढे ठेवते. ती यादी चाळणे सोपे व्हावे म्हणून वाचकांनी आपापल्या ब्राउझरात आजवर काय काय फेरफार केले, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. पण लहान प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा मोठा प्रश्न दडलेला असतो. इथे तो असा आहे की, वाचकापुढे आलेल्या पानावर सत्ता कोणाची? ते लिहिणाऱ्याची, ते पुरविणाऱ्याची, की वाचणाऱ्याची?

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते एका फजितीमुळे. एका जुन्या मराठी मासिकाच्या अंकाचा आम्ही शोध घेत होतो. पहिल्या उत्तरावर बोट ठेवावे, पान उघडावे, ते निरुपयोगी निघावे, परत फिरावे, यादी पुन्हा पहिल्यापासून उतरत यावी, आणि तोवर आपण कोणत्या ओळीवर होतो तेच विसरावे! तासभर हा प्रकार चालला होता. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हे पाहत होती. ती म्हणाली, “काका, दर वेळी परत कशाला जाता? यादी तिथेच राहू द्या. हवी ती उत्तरे कंट्रोलची कळ दाबून मागे उघडून ठेवा आणि मग एकेक वाचा.” तिने दोन मिनिटांत आमचा संध्याकाळचा शीण घालविला. तेव्हा मनात आले की, ही युक्ती पहिल्याने कोणाला सुचली असेल? आणि ती आम्हांला इतकी वर्षे ठाऊक का नव्हती?

वाचकाच्या वेळेची काळजी ही काही यंत्रयुगाने आणलेली नवलाई नव्हे. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचेच आहे. ज्यांनी जुनी ग्रंथालये पाहिली आहेत त्यांना बंद कपाटांची पद्धत आठवत असेल. चिठ्ठी लिहून द्यावी, शिपायाने पुस्तक आणून द्यावे, ते नको असेल तर पुन्हा चिठ्ठी लिहावी. रंगनाथन खुल्या कपाटांच्या बाजूचे होते. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे, पुस्तके काढावी, चाळावी, परत ठेवावी. शोधयंत्राची यादी ह्या दोहोंच्या मधोमध उभी आहे. कपाटे खुली असल्याचा भास आहे. परंतु कोणते पुस्तक पुढे मांडावयाचे हे आतला कारभारी ठरवितो.

१९४५ च्या जुलैत व्हॅनेव्हर बुश ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘अटलांटिक मंथली’ मासिकात एक लेख लिहिला. महायुद्धात त्या देशाच्या शास्त्रीय संशोधनाची सूत्रे त्याच्या हाती होती. त्याने ‘मेमेक्स’ नावाचे एक टेबल कल्पिले. त्यात सूक्ष्मचित्रांच्या रूपाने सारी पुस्तके आणि कागदपत्रे साठवावयाची आणि वाचकाने एका कागदाची दुसऱ्याशी गाठ मारीत आपली स्वतःची पाऊलवाट पाडावयाची. हे टेबल कधी बांधले गेले नाही. परंतु त्या कल्पनेत वाट पाडणारा वाचक होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ ह्या संशोधनसंस्थेत आपली योजना मांडली, आणि १९९० च्या अखेरीस ‘नेक्स्ट’ नावाच्या संगणकावर जगातला पहिला ब्राउझर चालू केला. आज आपण ज्याला ब्राउझर म्हणतो त्याहून तो दोन बाबतींत निराळा होता. एक तर त्यात वाचता येई तसे लिहिताही येई. दुसरे म्हणजे मथळा केवढा असावा, मजकूर कोणत्या टायपात दिसावा, हे वाचक आपल्या बाजूने ठरवी. लेखकाने एवढेच सांगावयाचे की हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा. बाकीचे वाचकाने पाहून घ्यावे. आरंभी पान वाचकाचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हा सुखाचा काळ फार टिकला नाही. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रातून मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना ह्यांचा ‘मोझेक’ आला. १९९४ च्या डिसेंबरात ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ आला. वेब बाजारपेठेत उतरली. पाने बांधणारांना वाटू लागले की, आपण छापखान्यातल्याप्रमाणे पान सजवावे आणि वाचकाने ते जसेच्या तसे पाहावे. ह्या मागणीत गैर काही नव्हते. वर्तमानपत्राची मांडणी वाचक थोडाच करतो? परंतु कागदाची गोष्ट वेगळी. कागद छापून झाला की संपला. पडद्यावरचे पान दर वेळी वाचकाच्या घरी, वाचकाच्या यंत्रावर नव्याने जुळविले जाते. खिळे जुळविण्याचे काम वाचकाचे यंत्र करीत असेल, तर जुळणीत वाचकाला मत का नसावे?

ह्या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर दिले ते होकोन व्हियुम ली ह्या नॉर्वेच्या तरुणाने. ते तेव्हा सर्नमध्येच होते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’ची योजना जाहीर केली. तिच्या पहिल्या मसुद्यात मोठी मौज होती. लेखक आणि वाचक ह्यांनी आपापली इच्छा नोंदवावी, आणि ती किती टक्के चालावी हेही सांगावे! टक्केवारीचा हा हिशेब पुढे मागे पडला. पण दोन पक्ष आहेत आणि दोघांत तडजोड हवी, हे तत्त्व राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये ह्या नियमांची पहिली आवृत्ती प्रमाण झाली. तिच्यात असा ठराव होता की, लेखक आणि वाचक दोघांनीही एकाच गोष्टीवर ‘महत्त्वाचे’ अशी खूण केली तर लेखकाचा शब्द चालावा. मे १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि हा ठराव नेमका उलटा झाला. दोघांचीही खूण असेल तर वाचकाचा शब्द शेवटचा. ज्याची दृष्टी अधू आहे, ज्याला मोठे अक्षर किंवा ठळक रंग लागतो, त्याची गरज लेखकाच्या हौसेपेक्षा मोठी मानली गेली. ह्या बदलाची कोणत्या दैनिकात ठळक बातमी आली असेल असे आम्हांस वाटत नाही. तथापि वाचकाच्या अधिकारांच्या इतिहासात हे कलम सोन्याच्या अक्षरांनी लिहावे अशा योग्यतेचे आहे.

त्याच वर्षी, म्हणजे सप्टेंबर १९९८ मध्ये, स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन ह्या दोन विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यापूर्वी १९९५ पासून ‘अल्टाव्हिस्टा’ होतेच. पण कोणत्या पानाकडे किती आणि कसल्या पानांतून दुवे येतात ह्यावरून त्याची योग्यता ठरविण्याची गूगलची रीत सरस ठरली. एका पानावर दहा उत्तरे, दहा निळ्या ओळी, हा शिरस्ता पडला. ऑक्टोबर २००० मध्ये शोधाच्या शब्दांनुसार जाहिराती देण्याची सोय सुरू झाली, आणि यादीच्या आसपास पैसे देऊन आलेली पाहुणेमंडळी बसू लागली.

आता वाचकाची अडचण पाहा. दहा दुवे, आणि दर दुव्यासाठी जाणे-येणे. ह्यावर उपाय निघाला तो टॅबचा. नॉर्वेच्या ‘ऑपेरा’ ब्राउझरात एका मोठ्या खिडकीत अनेक पाने मांडण्याची सोय पहिल्यापासून होती. १९९८ च्या सुमारास ‘नेटकॅप्टर’ने टॅब दाखविले, २००१ मध्ये ते ‘मोझिला’त आले. ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली आणि टॅब घरोघर गेले. यादी जागच्या जागी, निवडलेली उत्तरे मागे रांगेत उभी. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोअररने हीच सोय ऑक्टोबर २००६ मध्ये सातव्या आवृत्तीत केली. आमच्या शेजारच्या मुलीची युक्ती ही अशी वीस-पंचवीस वर्षांची जुनी आहे!

दुसरी युक्ती आणखी साधी. शोधाचे उत्तर म्हणजे शेवटी एक पत्ताच असतो, आणि आपण विचारलेला शब्द त्या पत्त्यातच गुंफलेला असतो. मग तो पत्ता जपून ठेवावा, शब्दाच्या जागी एक रिकामी खूण ठेवावी, आणि त्या पत्त्याला एखादे अक्षर नाव म्हणून द्यावे. विकिपीडियासाठी एक अक्षर, शब्दकोशासाठी दुसरे. ब्राउझरच्या पट्टीत ते अक्षर आणि शब्द लिहिला की मधली यादी टळून वाचक थेट ठिकाणी पोचतो. मोझिला आणि ऑपेरा ह्या दोन्हींत ही सोय होती, आणि ह्याच जातीची सोय आजच्या बहुतेक ब्राउझरांच्या सेटिंगांत सापडते.

इथे आम्ही मराठी वाचकाची एक व्यथा सांगतो, कारण तिचा ह्या कथेशी खरा संबंध आहे. पुष्कळ वर्षे मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये मजकूर ठेवीत. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राला मात्र तो इंग्रजी अक्षरांचा खिचडा असे. म्हणून शोधयंत्रात शुद्ध देवनागरीत शब्द घातला तर ही पाने सापडतच नसत. वस्तुतः युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला जागा मिळाली होती, मुंबईच्या आय. आय. टी.त शिकविलेले थोर अक्षरकार र. कृ. जोशी ह्यांनी घडविलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोजमधून लोकांपर्यंत पोचला होता. पण पाने बदलावयास वेळ लागला. ह्या मधल्या काळात ‘पद्मा’ नावाची एक जोडणी फायरफॉक्सला मिळाली. आरंभी ती तेलुगूसाठी होती, मग इतर भारतीय लिप्यांकडे वळली. जुन्या फाँटातले पान उघडताच ती वाचकाच्या यंत्रावरच त्याचे युनिकोडात रूपांतर करी. पान लिहिणाराने जे केले नाही ते वाचकाने आपल्या घरी करून घेतले. मराठी पाने यथावकाश युनिकोडात आली म्हणूनच आज आपण मराठीत शोध घेऊ शकतो.

ह्याच वृत्तीचा पूर्ण फुलोरा म्हणजे ‘ग्रीसमंकी’. २००४ च्या अखेरीस ॲरन बूडमन ह्यांनी फायरफॉक्ससाठी ही जोडणी तयार केली. पान उघडले की वाचकाने दिलेली चार ओळींची आज्ञावली त्यावर चालवावी, एवढेच तिचे काम. पण त्या ‘एवढेच’मध्ये केवढी मुभा होती! कोणी उत्तरांना क्रमांक दिले, कोणी जाहिराती काढल्या, कोणी प्रत्येक दुवा नव्या टॅबमध्ये उघडेल असे केले. जपानातल्या ‘ऑटोपेजराइज’ने तर यादीच्या तळाशी पोचताच पुढचे पान आपोआप खाली जोडून दिले. ह्या मुभेला धोकाही होता. जुलै २००५ मध्ये ग्रीसमंकीत एक मोठे छिद्र सापडले. लबाड पानाला वाचकाच्या संगणकातील फायली वाचता आल्या असत्या. लेखकांनी तत्परतेने दुरुस्ती केली. पण धडा राहिला की, दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली घरात घेताना ती कोणाची आहे हे विचारावे. घराला नवे दार काढले की त्याला कडीही घालावी लागते.

बूडमन पुढे गूगलमध्ये गेले आणि क्रोम ब्राउझरच्या जोडण्यांच्या रचनेत त्यांचा वाटा होता. व्हियुम ली १९९९ मध्ये ऑपेरात गेले होते. वाचकाच्या बाजूने झटणारी माणसे कंपन्यांत जातात आणि त्यांच्या कल्पनाही जातात. पुढे काय होते? २०११ च्या फेब्रुवारीत गूगलनेच क्रोमसाठी एक जोडणी दिली. नको असलेली संकेतस्थळे वाचकाने यादीतून वगळावी. डिसेंबर २०२२ मध्ये न संपणारी यादी संगणकावर आणली, म्हणजे ऑटोपेजराइजने वर्षानुवर्षे केले तेच. आणि जून २०२४ मध्ये ती काढूनही टाकली. दहाऐवजी शंभर उत्तरे एका पानावर मागण्याची जुनी सोय सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. कंपनीने दिलेली सोय ही मेहेरबानी असते, आणि मेहेरबानी परत घेता येते. वाचकाने स्वतः केलेली सोय कंपनीला इतक्या सहजासहजी काढता येत नाही. हा ह्या इतिहासाचा पहिला निष्कर्ष.

परंतु दुसरा निष्कर्ष त्याहून कटू आहे. वाचक आपले घर दुसऱ्याच्या जमिनीवर बांधतो. क्रोमने वाचकाची स्वतःची स्टाइल शीट २०१४ मध्ये काढून टाकली. फायरफॉक्सने २०१९ पासून ती मूळच्या मांडणीत बंद ठेवली. ज्याला हवी त्याने आतली कळ शोधून चालू करावी. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीच्या साऱ्या जोडण्या एका दिवसात निकामी केल्या. २०२४ पासून क्रोमने जोडण्यांचे नवे नियम अमलात आणले, आणि जाहिराती अडविणाऱ्या काही जोडण्यांची ताकद घटली. सुरक्षितता आणि वेग ही कारणे दिली गेली. ती सर्वस्वी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. ग्रीसमंकीचे छिद्र आम्हीच आत्ता सांगितले. पण १९९८ चे ते सुंदर कलम ग्रंथात तसेच राहिले आणि व्यवहारात दार मात्र अरुंद होत गेले, हे नाकारता येत नाही. कायदा असतो, पण कचेरीची वाट सापडत नाही, अशातलाच हा प्रकार.

ह्या कथेचा ताजा अध्याय मे २०२४ मधला आहे. गूगलने अमेरिकेत यादीच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धीने रचलेला सारांश दाखविण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास तिने ‘वेब’ नावाची एक चाळणीही ठेवली. ती निवडली की फक्त दुव्यांची जुनी यादी मिळे. ही चाळणी दर वेळी शोधून निवडावी लागे. तेव्हा वाचकांच्या ध्यानात आले की, ती निवडली असता पत्त्याच्या शेवटी ‘यूडीएम=१४’ एवढी अक्षरे येतात. बस्स! ब्राउझरच्या सेटिंगांत नवे शोधयंत्र म्हणून तोच पत्ता, शेपटीला ही अक्षरे लावून, नोंदविला की काम झाले. वीस वर्षांपूर्वीची पत्त्यात रिकामी खूण ठेवण्याची युक्तीच पुन्हा उपयोगी पडली. जुनी हत्यारे गंजत नाहीत ती अशी.

कोणी म्हणेल, “हे सारे थोड्या हौशी लोकांचे उद्योग. बहुतेक लोक काहीच बदलत नाहीत.” हे बोलणे खरे आहे, आणि ते किती खरे आहे ह्याची किंमत न्यायालयात मोजली गेली आहे. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी गूगलने शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदा राखली असा निर्णय दिला. ब्राउझर आणि फोन ह्यांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे म्हणून त्या कंपनीने २०२१ ह्या एका वर्षात २६३० कोटी डॉलर दिले होते, हे त्या खटल्यात पुढे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाययोजनेचा निकाल लागला. क्रोम विकण्याची सक्ती झाली नाही, पण इतरांना वगळणारे एकाधिकाराचे करार करण्यास मनाई झाली. आम्ही एवढेच विचारतो की, वाचक काही बदलत नाही ह्या एका गोष्टीवर जर कोणी २६३० कोटी डॉलर मोजत असेल, तर आपला बदलण्याचा अधिकार क्षुल्लक कसा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाचकाने आपल्या मनाजोगते पान बांधले तर तो आपल्या मताचेच वाचील. नको ती स्थळे वगळता वगळता नको ती मतेही वगळील. हे भय आम्हांलाही वाटते. म्हणून आम्ही एक भेद करतो. वाट अडविणारा दगड बाजूस सारणे वेगळे आणि समोरून येणाऱ्या माणसाला रस्ताबंदी करणे वेगळे. अक्षर मोठे करणे, यादी जागेवर ठेवणे, पैसे देऊन पुढे बसलेल्याला ओळखणे हे पहिल्या प्रकारचे. न आवडणाऱ्याला नाहीसे करणे हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्याने वाचन वाढते. दुसऱ्याने ते आटते. शिवाय आपण निवड केली नाही म्हणजे निवड होतच नाही असे थोडेच आहे? आपल्या वतीने ती दुसरा कोणीतरी करीत असतो, आणि त्याची कारणे तो आपल्याला सांगत नाही.

असो. आज घरी गेल्यावर श्रोत्यांनी एवढेच करून पाहावे. संगणकावर उत्तरे मागच्या टॅबमध्ये उघडून यादी जागेवर ठेवावी. नेहमीच्या कोशाला आणि ज्ञानकोशाला एकेक अक्षर नेमून द्यावे. ब्राउझरची सेटिंगे एकदा आरंभापासून शेवटपर्यंत वाचावी, आणि आपल्यासाठी कोणी काय ठरवून ठेवले आहे ते पाहावे. पटले तर राहू द्यावे. न पटले तर बदलावे. आम्हांला हे शेजारच्या एका मुलीने शिकविले. तुम्हीही उद्या शेजारी कोणी यादीत वर-खाली फिरताना दिसले तर दोन मिनिटे त्याच्यापाशी बसा.